कर्जाला दोघांची सही, घराला एकाचे नाव

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

घटस्फोटाची बातमी वर्तमानपत्रात येते तेव्हा मथळ्यात बहुधा पोटगीचा आकडा असतो. कोणी किती कोटी मागितले, न्यायालयाने किती दिले, यावर चार दिवस चर्चा झडते आणि विषय मिटतो. परंतु ज्या घरांत पोटगीचा हिशेब हजारांत होतो, त्या घरांत लग्न मोडल्यावर खरा पेच निराळाच असतो. दोघांनी मिळून जे उभे केले ते कोणाचे, आणि ते उभे करण्यासाठी जे कर्ज काढले ते कोणी फेडायचे? यातल्या पहिल्या प्रश्नावर निदान अधूनमधून कोणी बोलते, दुसऱ्यावर जवळजवळ कोणीच बोलत नाही. मी एका बँकेत ३१ वर्षे नोकरी केली, त्यातली निम्म्याहून अधिक कर्ज विभागात. या दुसऱ्या प्रश्नाची सुरुवात कुठे होते ते मी रोज पाहत होते, म्हणून हे पत्र लिहिण्याचे धाडस करते आहे.

गृहकर्जाच्या अर्जात नवऱ्याचे उत्पन्न कमी पडले की आम्ही सर्रास विचारत असू, "मिसेस नोकरी करतात का?" करत असतील, तर त्यांचा पगार जमेस धरून कर्जाची रक्कम वाढवता येते आणि त्यासाठी त्यांना सहकर्जदार करावे लागते. घराचे जेवढे मालक असतील तेवढ्या सर्वांनी कर्जाच्या कागदांवर सही केलीच पाहिजे, असा बँकांचा शिरस्ता आहे आणि तो रास्तही आहे. उलट बाजूने मात्र असा कोणताही आग्रह नाही. जिने कर्जाची जबाबदारी घेतली तिचे नाव खरेदीखतावर असावे, असे बँक म्हणत नाही, बिल्डर म्हणत नाही, दुय्यम निबंधक कार्यालयात कोणी विचारत नाही. कर्जाच्या करारनाम्याच्या प्रत्येक पानावर आम्ही पेन्सिलीने बारीक फुल्या मारून ठेवत असू, आणि कामावरून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेली ती बाई पान उलटत एकेका फुलीवर सही करत जाई. चाळीस-पन्नास सह्या. दहा-पंधरा मिनिटांत सगळे आटोपे. तेवढ्या वेळात ती वीस वर्षांच्या कर्जाला पूर्णपणे बांधली जाई, आणि ज्या घरासाठी बांधली गेली त्या घरात कागदोपत्री तिचा एका विटेवरही हक्क नसे.

माझ्या सख्ख्या भाचीची हकीकत सांगते. ती कोल्हापुरात एका अनुदानित शाळेत शिक्षिका आहे. २०१२ मध्ये तिच्या नवऱ्याने तिथेच ३४ लाखांचा फ्लॅट घेतला. त्यातले २६ लाख कर्जाचे. उरलेल्या आठ लाखांतले जवळपास अडीच लाख तिच्या पाटल्या आणि गोठ मोडून आले. माझ्या बहिणीने वीस वर्षे एकेक ग्रॅम जमवून ते आठ तोळे केले होते. सोनाराच्या दुकानात वजनकाट्यावर ते दागिने ठेवताना मी तिच्याबरोबर होते. पावती नवऱ्याच्या नावे झाली, कारण पैसे त्याच्याच खात्यात जमा करायचे होते. त्या वेळी आम्हा कोणालाही त्यात काही वावगे वाटले नाही. खरेदीखत एकट्याच्या नावे झाले, सोसायटीचा भागदाखला एकट्याच्या नावे आला, आणि कर्जाला सही दोघांची झाली. पुढची अकरा वर्षे साडेपंचवीस हजारांचा हप्ता त्याच्या खात्यातून जात राहिला, आणि किराणा, दूध, वीजबिल, मुलीची फी, सासूबाईंची औषधे, दिवाळीचे कपडे हे सगळे तिच्या पगारातून चालले. दोघांच्या पगारातून एक संसार चालतो तेव्हा अशी वाटणी सगळ्याच घरांत होते. पण हप्त्याची नोंद बँकेच्या खातेउताऱ्यावर कायमची राहते आणि किराण्याची यादी कोणी जपून ठेवत नाही. त्यामुळे लग्न मोडायची वेळ आली तेव्हा कागद असे सांगत होते की घर त्याने एकट्याने घेतले आणि एकट्यानेच फेडले.

२०२३ मध्ये परस्पर संमतीने घटस्फोट झाला. भांडण वाढवायचे नाही, मुलीची शाळा बुडवायची नाही, एवढेच तिच्या मनात होते. एकरकमी सहा लाख रुपये घेऊन तिने पुढच्या पोटगीवरचा हक्क सोडला. संमतीच्या अटींमध्ये एक ओळ होती, "सदर गृहकर्जाचे यापुढील सर्व हप्ते अर्जदार क्र. १ भरतील." त्या एका ओळीवर विसंबून ती घराबाहेर पडली. चौदा महिने त्याने हप्ते भरले, मग थांबवले. तीन हप्ते थकले आणि खाते अनुत्पादक, म्हणजे थकीत कर्जांच्या, वर्गात गेले. त्यानंतर साठ दिवसांची नोटीस निघाली ती दोघांच्याही नावे, आणि बँकेच्या दप्तरी तिचा पत्ता शाळेचा असल्यामुळे ती मुख्याध्यापकांच्या टेबलावर येऊन पडली.

तिने न्यायालयाच्या हुकुमाची प्रत घेऊन बँक गाठली. तिथल्या अधिकाऱ्याने तिला जे सांगितले ते मीही त्याच्या जागी असते तर हेच सांगितले असते, कारण कायदा तसाच आहे. नवरा-बायकोने आपसात काय ठरवले, याच्याशी कर्ज देणाऱ्याचा संबंध नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि त्याच्या कलम ४३ प्रमाणे दोघांनी मिळून दिलेले वचन पुरे करून घेण्यासाठी धनको त्या दोघांपैकी कोणालाही पूर्ण रकमेसाठी धरू शकतो. ज्याने भरले त्याने दुसऱ्याकडून त्याचा वाटा वसूल करावा, पण ते आपले आपण, वेगळ्या दाव्याने. बँक त्या संमतीपत्रात पक्षकार नव्हती, म्हणून ते संमतीपत्र बँकेवर बंधनकारक नाही. येथवर सगळे कायद्याला धरून आहे. पण पुढचा हिशेब पाहावा. उद्या तो फ्लॅट लिलावात निघाला आणि कर्जाच्या रकमेपेक्षा किंमत कमी आली, तर तूट तिच्या पगारातूनही वसूल होऊ शकते. आणि किंमत जास्त आली, तर कर्ज वजा जाऊन उरलेली रक्कम मालकाची, म्हणजे त्याची. तोट्यात ती पूर्ण भागीदार, नफ्यात तिचा वाटा शून्य. जगातला कोणताही शहाणा माणूस अशा भागीदारीच्या करारावर सही करणार नाही, आणि आपल्या हजारो मुली त्यावर दरवर्षी सही करत आहेत, कारण त्या कराराचे नाव संसार आहे.

यात कायदा काय देतो, हे पाहिले तर निराशा होते. हिंदू विवाह कायदा, १९५५ मध्ये मालमत्तेबद्दल एकच कलम आहे, ते म्हणजे २७. विवाहाच्या वेळी किंवा त्या सुमारास भेट मिळालेली आणि दोघांच्या मालकीची असेल अशी मालमत्ता, एवढ्यापुरताच तिथे न्यायालयाला निवाडा करता येतो. मुळात हे कलम भांडीकुंडी, पलंग, कपाट, आहेर यांच्यासाठी लिहिलेले दिसते. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात त्याचा अर्थ थोडा सैल केला, की लग्नाआधी वा नंतर दिलेली पण लग्नाशी संबंध असलेली भेटही त्यात यावी. तरीही लग्नानंतर नवव्या वर्षी पगारातून घेतलेला फ्लॅट काही त्या कलमात बसत नाही. स्त्रीधन सर्वस्वी स्त्रीचे असते, नवरा फार तर त्याचा राखणदार, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी प्रकरणात सांगितले आणि एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा ठणकावून सांगितले. पण स्त्रीधन मोडून त्याची वीट झाली की ती वीट कोणाची, हे सिद्ध करण्यासाठी पावती लागते, आणि पावत्यांचे काय होते ते मी वर लिहिलेच आहे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याने राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला, तो हक्क फार मोलाचा आहे, अनेक बायकांना रस्त्यावर येण्यापासून त्याने वाचवले आहे. परंतु तो राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नव्हे. पोटगीचेही तसेच. पोटगी ही गरजेवर ठरते: तिला किती लागते, त्याला किती झेपते. "हे मी मिळवले आहे" असे म्हणण्याची जागा पोटगीच्या अर्जात नाही. माझी भाची कमावती होती म्हणून तिची गरज कमी ठरली, आणि ती कमावती होती म्हणूनच तिला सहकर्जदार केले होते. एकाच पगाराचा तिच्याविरुद्ध दोनदा उपयोग झाला, हे मला फार लागते.

आता आमच्या सावंतवाडीहून बांद्यावरून पत्रादेवीचा नाका ओलांडावा. अर्ध्या तासाची वाट. पलीकडे पेडणे तालुका, तेच देव, तीच आडनावे, सोयरिकी दोन्हीकडे. माझी म्हापशाला तीन वर्षे बदली झाली होती आणि तिथल्या पहिल्याच महिन्यात मला कळले की लग्न या गोष्टीचा पैशाशी असलेला संबंध तिथे मुळातच निराळा आहे. एक गृहस्थ वडिलोपार्जित घर तारण ठेवून धंद्यासाठी कर्ज मागायला आले. कागद वडिलांच्या नावचे, मग यांच्या नावचे. आमच्या वकिलांनी शेरा मारला की पत्नीची संमती आणि सही हवी. गृहस्थ चिडले. "घर म्हज्या बापायचें," ते म्हणाले, "तिका कित्याक हाडूं?" म्हणजे तिला कशाला आणू? दुसऱ्या दिवशी त्या बाई आल्या. साध्या, पाचवारी नेसलेल्या, हातात कापडी पिशवी. आम्ही सवयीने पेन्सिलीच्या फुल्या मारून ठेवल्या होत्या. त्यांनी पेन हातात घेतलेच नाही. आधी विचारले, कर्ज कशाला, किती, फेडणार कसे, आणि न फेडल्यास घराचे काय. नवऱ्याने बारा लाख मागितले होते. त्या दोघांचे आमच्या टेबलासमोरच हलक्या आवाजात बरेच बोलणे झाले आणि शेवटी सात लाखांच्या अर्जावर दोघांनी सह्या केल्या. त्या बाई फार शिकलेल्या नव्हत्या. त्यांना प्रश्न विचारण्याचे बळ मिळाले ते त्यांच्या सहीशिवाय कागद पुढे सरकत नव्हता म्हणून.

गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेली पद्धत अशी की लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर दोघांची मालमत्ता सामाईक होते आणि प्रत्येकाचा निम्मा हिस्सा कायद्यानेच ठरतो. मुक्तीनंतरही हा कायदा टिकला. उत्तराधिकार आणि वाटणीच्या कामांसाठी गोवा विधानसभेने २०१२ मध्ये स्वतःचा नवा कायदा केला, तो २०१६ पासून अमलात आहे. आयकर कायद्यानेही गोव्यातल्या अशा जोडप्यांसाठी खास कलम ठेवले, ज्यामुळे पगाराखेरीजचे उत्पन्न नवरा-बायकोंत निम्मे-निम्मे धरले जाते. स्थावर मालमत्ता विकायची वा गहाण टाकायची तर दोघांची संमती लागते. आणि लग्न मोडले तर वाटणीचे जे काम चालते, ज्याला तिथे सगळे 'इन्व्हेंटरी' म्हणतात, त्यात एका बाजूला मालमत्तेची यादी होते आणि दुसऱ्या बाजूला देण्यांची. शपथेवर. दोघांनी मिळून वा एकमेकांच्या संमतीने काढलेली कर्जे त्या सामाईक मालमत्तेतून आधी भागवायची आणि मग उरलेले वाटायचे. घर एकच असेल आणि तोडून वाटता येत नसेल, तर दोघांत बोली लावता येते. ज्याची बोली वरची त्याने घर घ्यावे आणि दुसऱ्याच्या हिश्शाचे पैसे चुकते करावे. माझ्या भाचीचा खटला पत्रादेवीच्या पलीकडे चालला असता तर फ्लॅट आणि कर्ज हे दोन्ही एकाच कागदावर, एकाखाली एक लिहिले गेले असते. कोल्हापुरात फ्लॅट यादीत आलाच नाही आणि कर्ज एका ओळीत उरकले गेले.

गोव्याची पद्धत निर्दोष आहे असे मात्र मी म्हणणार नाही. जुन्या संहितेने सामाईक मालमत्तेचा कारभार नवऱ्याच्या हाती दिला होता आणि त्या वळणाची सवय घराघरांत अजून आहे. तिथेही न वाचता सह्या करणाऱ्या बायका मी पाहिल्या. वाटणीची कामे वर्षानुवर्षे रेंगाळतात. शिवाय वारशाने आलेली, लग्नाआधीपासून असलेली मालमत्ताही सामाईक व्हावी, हे महाराष्ट्रात कोणी मान्य करणार नाही आणि माझेही तसे म्हणणे नाही. आईवडिलांनी मुलीला दिलेले घर तिचेच राहावे, आणि मुलाला मिळालेली वाडवडिलांची जमीन लग्न दोन वर्षांत मोडले म्हणून निम्मी होऊ नये. माझे म्हणणे एवढ्यापुरते आहे की लग्न झाल्यापासून वेगळे होईपर्यंत दोघांच्या कष्टातून जे मिळवले ते, कागदावर नाव कोणाचेही असो, दोघांचे धरावे आणि त्याच काळात संसारासाठी काढलेले कर्जही त्याच हिशेबात घ्यावे. एकाने दुसऱ्याला न सांगता जुगारासाठी, शेअरबाजारासाठी किंवा भावाच्या धंद्यासाठी काढलेले कर्ज त्याचे त्याने फेडावे.

"बायको घरीच होती, तिने काय मिळवले?" हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये याचे उत्तर दिले आहे. नवरा परदेशात कमावत असताना जिने घर आणि मुले सांभाळली, तिच्या त्या कामामुळेच त्याला कमावता आले, म्हणून नवऱ्याच्या नावच्या मालमत्तेतही तिचा बरोबरीचा वाटा आहे, असे त्या निकालात म्हटले आहे. पण तो एका न्यायालयाचा एका खटल्यातला निर्णय आहे. प्रत्येक बाईने एवढे सिद्ध करायला उच्च न्यायालयापर्यंत जावे, अशी अपेक्षा करणे बरे नव्हे.

हा प्रश्न फक्त बायकांचा आहे, असेही मी मानत नाही. महाराष्ट्रात स्त्रीच्या नावे घर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, त्यासाठी अनेक नवरे घर बायकोच्या नावे घेतात आणि हप्ता स्वतः भरतात. अशा घरातले लग्न मोडले तर तो पुरुषही तसाच हात चोळत बसतो. माझ्या ओळखीत अशी दोन माणसे आहेत आणि त्यांच्यावरचा अन्यायही अन्यायच आहे. दोघांचे ते दोघांचे, हा नियम त्यांनाही तेवढाच लागू व्हावा.

शेतीचे दुखणे याहून खोल आहे. सातबारावर खातेदार म्हणून नवऱ्याचे नाव. विकास सोसायटीचे पीककर्ज घेतले की इतर हक्काच्या रकान्यात बोजा चढतो. लावणी, खुरपणी, गुरे, वाडी सगळे करणाऱ्या बायकोचे नाव त्या उताऱ्यावर कुठेच नसते. बोजाची नोंद करायला तलाठ्याकडे रकाना आहे, तिच्या श्रमाची नोंद करायला नाही. आपल्याकडचा जुना हिंदू कायदा असा की बापलेकांत वाटणी झाली तर आईला मुलाइतका हिस्सा मिळतो, पण वाटणी मागण्याचा हक्क मात्र तिला नाही, आणि घटस्फोट झाला तर तोही विषय संपला. याच महाराष्ट्रात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ च्या चांदवड अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम हाती घेतला होता आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपण होऊन जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करून दिला होता. त्या माणसांना कोणताही कायदा सक्ती करत नव्हता. चाळीस वर्षांनंतर आपण त्यांच्या मागे असावे, याचे दुःख वाटते.

केंद्राच्या कायद्याची वाट पाहावी, असे कोणी म्हणेल. ती वाट एकदा पाहून झाली आहे. विवाह कायद्यांत दुरुस्ती करणारे २०१० चे विधेयक, ज्यात पतीच्या मालमत्तेत पत्नीला हिस्सा देण्याची तरतूद होती, ते ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झाले आणि पुढे लोकसभा विसर्जित झाल्यावर बारगळले. पण विवाह, घटस्फोट आणि वारसा हे विषय समवर्ती सूचीत आहेत, म्हणजे राज्याला त्यात कायदा करता येतो. मुंबई प्रांताने हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९४७ मध्येच केला, देशाचा कायदा येण्याच्या आठ वर्षे आधी. मुलीला मुलाबरोबरीने सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानेच हिस्सेदार, ठरवणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली, केंद्राने त्यानंतर अकरा वर्षांनी. ज्या विधिमंडळाने मुलीला बापाच्या घरात हिस्सा दिला, त्याने तिला स्वतःच्या संसारात हिस्सा द्यायला काय हरकत आहे? आमच्या लोकप्रतिनिधींनी येत्या अधिवेशनात निदान यावर एक चर्चा तरी घडवून आणावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कायद्याला वेळ लागेल हे मला समजते. कर्जाचा प्रश्न मात्र त्याआधीही बराचसा सुटू शकतो, आणि याबद्दल मी अनुभवाने बोलते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात, जे मुळात नागपूरचेच, पोटगीच्या प्रत्येक खटल्यात दोन्ही बाजूंनी मालमत्तेचे आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे असे बंधन घातले. परस्पर संमतीच्या घटस्फोटातही हीच यादी मागवावी आणि तिच्यात दोघांची सही असलेले प्रत्येक कर्ज, सोनेतारण, क्रेडिट कार्ड, एकाने दुसऱ्यासाठी दिलेला जामीन, सगळे यावे. पहिला अर्ज आणि शेवटचा हुकूम यांच्यात कायद्याने सहा महिने ठेवले आहेत. तेवढ्या अवधीत बँकेला पत्र पाठवून विचारता येते की ज्याच्याकडे घर राहणार त्याच्या एकट्याच्या उत्पन्नावर हे कर्ज चालू ठेवायला तुम्ही तयार आहात का, दुसऱ्याला मोकळे करता का. बँकेने होकार दिला तर नवा करारनामा करून त्याची प्रत न्यायालयात दाखल करावी. नकार दिला तर घर विकून कर्ज फेडावे, किंवा जो मोकळा होत नाही त्याचे नाव मालकीत यावे. हे न होता "पुढील हप्ते अर्जदार क्र. १ भरतील" अशी ओळ स्वीकारली जाऊ नये. वकिलांनाही माझी विनंती आहे. पोटगीच्या रकमेसाठी तुम्ही जेवढी घासाघीस करता, त्याच्या निम्मी तरी या ओळीसाठी करा. एकरकमी मिळालेले सहा लाख आणि डोक्यावर राहिलेले सतरा लाख, यांची वजाबाकी त्या दिवशी कोणीही माझ्या भाचीला करून दाखवली नाही. मीही नाही. कर्ज विभागात आयुष्य काढूनही मी ते संमतीपत्र मागवून वाचले नाही, आणि याचा सल मला आहे.

बँकांकडूनही एक अपेक्षा आहे. सहकर्जदाराची सही घेताना तिला तिच्या भाषेत, एका स्वतंत्र पानावर, तीन गोष्टी लिहून द्याव्यात: या घराच्या मालकीत तुमचे नाव आहे की नाही, नसल्यास कर्जाची पूर्ण जबाबदारी तरीही तुमची राहील, आणि विवाह संपला तरी ही जबाबदारी संपणार नाही. हे पान वाचायला दोन मिनिटे लागतील. ज्या घरांत आधीच एकाच्या नावे कागद झाला आहे आणि दोघांचे बरे चालले आहे, त्यांनी हे बरे असतानाच करून घ्यावे. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन पतीने पत्नीला वा पत्नीने पतीला बक्षीसपत्राने दिली तर मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे. त्यावर स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च येतो तेवढाच. कर्ज चालू असेल तर बँकेची परवानगी लागते, पण सहकर्जदारालाच सहमालक करायचे असल्यास बँकेने अडवण्याचे काही कारण नाही. निम्मा हिस्सा देण्यासाठीही हाच मार्ग आहे. घरात अविश्वास आहे म्हणून हे करायचे नसते, पण विश्वास संपल्यावर ते करता येत नाही.

भाची सध्या दर महिन्याला पगारातून पंधरा हजार रुपये त्या खात्यात भरते, ज्या घराची किल्लीही तिच्याकडे नाही. नवऱ्याकडून वसुलीसाठी तिने दावा लावला आहे. थकबाकीची नोंद झाल्यामुळे मुलीच्या शिक्षणासाठी तिने केलेला कर्जाचा अर्ज एकदा नामंजूर झाला आहे. तिने मला हे लिहायला परवानगी दिली, नाव न छापण्याच्या अटीवर.

गेल्या महिन्यात शेजारची एक मुलगी गृहकर्जाचे कागद घेऊन माझ्याकडे आली होती. लग्न वैशाखात झाले, कुडाळला फ्लॅट घेत आहेत, सहकर्जदार तीच. मी तिला म्हटले, आधी खरेदीखताचा मसुदा दाखव. मसुद्यात खरेदीदार म्हणून एकच नाव होते. तिने तिथेच नवऱ्याला फोन लावला. तो मुलगा समजूतदार निघाला, म्हणाला, "माझ्या लक्षातच आलं नाही, घाल ना तुझं नाव." नोंदणीआधी दुसरे नाव घातले गेले आणि त्यासाठी मुद्रांक शुल्क एका रुपयानेही वाढले नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त बँक अधिकारी
सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)